खडकवासल्यातले पाव किलो

अध्यक्ष महाशय, अभियंता मित्रहो, आणि पाण्याची तक्रार घेऊन आलेले पुणेकर,

शेवटच्या गटाचा उल्लेख मुद्दाम केला. सभागृहाच्या पायऱ्या चढताना दोघांनी मला थांबवून विचारले, आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर पाणी का चढत नाही? मी निवृत्त आहे आणि पुणे महापालिकेच्या नोकरीत मी कधीच नव्हतो, हे सांगून पाहिले. काही उपयोग झाला नाही. पाणीवाला तो पाणीवाला, मग तो कुठल्या का गावचा असेना. एका परीने ते बरोबरही आहे. जन्मभर जार टेस्ट (तुरटीचा डोस ठरवायची चाचणी) करणाऱ्या माणसाने नळाच्या प्रश्नापासून पळू नये.

आज अभियंता दिन. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो त्या विश्वेश्वरय्यांचे पुण्याशी नाते दोन प्रकारचे. ते इथल्या सायन्स कॉलेजचे विद्यार्थी, १८८३ च्या परीक्षेत पहिले आलेले. आणि १९०३ च्या सुमारास खडकवासल्याच्या सांडव्यावर बसलेले स्वयंचलित दरवाजे त्यांचे. धरणाची भिंत न वाढवता पाण्याची पातळी सुमारे आठ फूट वर न्यायची आणि पूर आला की दरवाजे आपोआप उघडायचे, ही ती युक्ती. ती सर्वांना ठाऊक आहे, म्हणून तिच्यावर मी थांबत नाही. मला त्यांचे त्याआधीचे एक काम जास्त आवडते. १८९४-९५ मध्ये त्यांना सिंधमधल्या सक्करला पाठवले होते. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. सक्करच्या नगरपालिकेला सिंधूचे गढूळ पाणी गाळून हवे होते, पण गाळण्याचे फिल्टर बांधायला पैसे नव्हते. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच विहीर खणली. वाळूतून झिरपत विहिरीत येणारे पाणी स्वच्छ असते हे त्यांनी हेरले, आणि तेच उपसून टेकडीवरच्या टाकीत चढवले. नदीच्या वाळूलाच त्यांनी गाळणी केले.

वाळू हा आमच्या धंद्याचा आधार. पर्वतीच्या किंवा लष्कर जलकेंद्रात जाऊन पाहिलेत तर तुम्हाला शंभर वर्षांत फारसा न बदललेला क्रम दिसेल. पाण्यात तुरटी किंवा तिची नवी बहीण पीएसी (पॉलिअ‍ॅल्युमिनियम क्लोराइड) टाकायची, ढवळायचे, गाळाचे कापसासारखे पुंजके होऊ द्यायचे, ते तळाशी बसले की वरचे पाणी वाळूच्या थरातून उतरवायचे आणि शेवटी क्लोरीन द्यायचा. गढूळपणा आणि जंतू हे दोन शत्रू समोर ठेवून ही सगळी रचना झाली. पटकी आणि विषमज्वर यांनी ती आपल्याकडून करवून घेतली असे म्हटले तरी चालेल. आज ज्या रसायनांबद्दल मला बोलायचे आहे त्यांच्या बाबतीत ही सगळी साखळी निरुपयोगी आहे. तुरटीने ती खाली बसत नाहीत, वाळूत अडकत नाहीत, क्लोरीनला दाद देत नाहीत, आणि पाणी उकळले तर वाफ उडून जाते, ती मागे राहतात.

वर्तमानपत्रे त्यांना 'फॉरएव्हर केमिकल्स' म्हणतात, शास्त्रज्ञ 'पीफास' म्हणतात. मराठीत 'चिरंतन रसायने' असा शब्द रुळू पाहतो आहे. मला विचाराल तर 'चिरंजीव' जास्त बरोबर. आपल्या सात चिरंजीवांत एक अश्वत्थामा आहे. कपाळाची जखम घेऊन दारोदार तेल मागत फिरतो, आणि त्याला मरण नाही. फरक इतकाच की हा नवा अश्वत्थामा तेल घेत नाही, पाणीही घेत नाही. दोन्ही त्याच्यावरून ओघळून जातात, आणि त्याच गुणासाठी माणसाने त्याला घडवले.

कार्बनच्या साखळीवर हायड्रोजनच्या जागी फ्लोरीन बसवला की ही मंडळी तयार होतात. कार्बन आणि फ्लोरीन यांचा बंध हा सेंद्रिय रसायनशास्त्रातल्या सर्वांत मजबूत एकेरी बंधांपैकी एक. निसर्गातल्या जिवाणूंना तो तोडायची सवय नाही. ६ एप्रिल १९३८ रोजी अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीत रॉय प्लंकेट या तरुण रसायनतज्ज्ञाला वायूच्या एका नळकांड्यात अनपेक्षितपणे एक पांढरी भुकटी सापडली. तीच टेफ्लॉन. पुढे या घराण्याची हजारो अपत्ये झाली: न चिकटणारा तवा, न भिजणारा रेनकोट, डाग न धरणारा गालिचा, पेट्रोलच्या आगीवर मारायचा फेस, क्रोमियमचा मुलामा देताना हौदावर उडणारी आम्लाची फवार दाबणारे द्रव्य, पिझ्झाखालचा तेल न शोषणारा कागद. (यवतमाळ-चंद्रपूरकडच्या विहिरींमधले फ्लोराइड, ज्याने दात पिवळे पडतात आणि हाडे वाकतात, ते वेगळे. तो खडकातून आलेला क्षार. नावातल्या सारखेपणाने गोंधळ होतो, म्हणून सांगितले.)

या घराण्यातली दोन नावे लक्षात ठेवा, पीएफओए आणि पीएफओएस. पहिले टेफ्लॉन बनवताना वापरत. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गजवळच्या कारखान्यातून ते ओहायो नदीच्या काठच्या पाण्यात गेले. एका शेतकऱ्याच्या गायी मरू लागल्या, रॉब बिलट नावाच्या वकिलाने खटला उभा केला, आणि २००४ च्या तडजोडीतून मिळालेल्या पैशांवर सुमारे ६९ हजार माणसांचे रक्त तपासले गेले. त्या अभ्यासाने मूत्रपिंडाचा आणि वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार, वाढलेले कोलेस्टेरॉल, आतड्याचा एक दाहक आजार आणि गरोदरपणातला रक्तदाब यांच्याशी पीएफओएचा संबंध संभवतो असा निष्कर्ष काढला. डिसेंबर २०२३ मध्ये कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने पीएफओएला माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकले. शरीरात शिरलेले हे द्रव्य निम्मे व्हायलाच काही वर्षे लागतात.

आता आकड्याकडे येऊ. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये या दोघांसाठी पिण्याच्या पाण्यातली मर्यादा ठरवली, लिटरला प्रत्येकी ४ नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. असे म्हटले की श्रोते माना डोलावतात आणि कुणालाच काही कळत नाही. म्हणून काल रात्री मी कागद घेऊन बसलो. खडकवासला धरणाचा उपयुक्त साठा १.९७ टीएमसी, म्हणजे साधारण ५,६०० कोटी लिटर. त्याला चाराने गुणा. उत्तर येते सुमारे २२० ग्रॅम. चौपाटीवर कणीस खात तुम्ही ज्याच्याकडे बघत बसता तो अख्खा जलाशय या मर्यादेला नेऊन भिडवायला पाव किलोही लागत नाही. श्रीखंडाचा लहान डबा. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला मिळून चारी धरणांचा २९ टीएमसी साठा धरला तर सव्वातीन किलो.

बॅगेत मावेल एवढे ओझे. कारखान्याच्या नोंदवहीत ते 'घट' म्हणूनही लिहिले जाणार नाही.

मर्यादा किती असावी यावर जगात एकमत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो. युरोपने २० रसायनांची मिळून बेरीज धरली आणि लिटरला १०० नॅनोग्रॅम ही रेघ आखली. ती १२ जानेवारी २०२६ पासून लागू. अमेरिकेनेही मे २०२५ मध्ये दोन मुख्य रसायनांची मर्यादा कायम ठेवत पाणीपुरवठा संस्थांना २०३१ पर्यंत मुदत वाढवायचे जाहीर केले, आणि इतर काहींवरची मर्यादा मागे घेण्याचा विचार बोलून दाखवला. आपल्या पिण्याच्या पाण्याचे मानक आयएस १०५००, २०१२ चे. त्याच्या तक्त्यात या घराण्याचे नाव नाही. जे तक्त्यात नाही ते प्रयोगशाळेच्या फॉर्मवर नसते, जे फॉर्मवर नसते ते अहवालात नसते, आणि अहवालात नाही म्हणजे पाण्यात नाही, असा आपल्या कचेऱ्यांचा बाळबोध हिशेब. मी त्याच कचेऱ्यांत सही करत आलो, म्हणून हे अधिकाराने बोलतो.

ही रसायने पाण्यातून काढता येतात का? येतात. आपल्या धंद्यातल्या एका संस्थेची गोष्ट सांगतो. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात केप फिअर नदीच्या मुखाशी विल्मिंग्टन शहर आहे. नदीच्या वरच्या अंगाला फेएटव्हिलजवळ रसायनांचा मोठा कारखाना. पीएफओए बदनाम झाल्यावर त्याच्या जागी जेनएक्स नावाचे धाकटे भावंड आणले गेले. साखळी आखूड, म्हणून निरुपद्रवी, असा समज. जून २०१७ मध्ये तिथल्या स्थानिक वर्तमानपत्राने बातमी छापली की जेनएक्स शहराच्या नळाला येते आहे. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी ते आधीच मोजून ठेवले होते, फक्त लोकांपर्यंत पोहोचले नव्हते. तिथल्या पाणीपुरवठा संस्थेचे शुद्धीकरण केंद्र उत्तम होते, ओझोनसुद्धा होता. जेनएक्स आरपार.

मग त्यांनी कोळसा आणला. साधा नव्हे, सक्रिय केलेला, दाणेदार. दगडी कोळसा किंवा नारळाची करवंटी हवेशिवाय भाजून, वाफेने पोखरून तो तयार करतात. एका ग्रॅमच्या आतल्या भोकांचा पृष्ठभाग उलगडला तर हजार चौरस मीटरच्या घरात जातो. पाणी त्यातून सावकाश गेले की ही रसायने भोकांच्या भिंतींना चिकटून राहतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये आठ मोठे फिल्टर सुरू झाले, बांधकामाला चार कोटींहून जास्त डॉलर लागले. कोळसा भरला की काम संपले, असे नाही. भोके भरत जातात. आखूड साखळीची रसायने आधी निसटू लागतात. त्यामुळे दर थोड्या महिन्यांनी एकेका फिल्टरचा कोळसा काढून भट्टीत भाजून पुन्हा भरावा लागतो. त्याचा खर्च दरवर्षी, कायमचा. संस्थेने कारखान्यावर दावा लावला, पण दावा चालू असताना पाणी थांबत नाही, म्हणून बिल आधी नळधारकांच्या पाणीपट्टीत गेले.

हाच प्रयोग पुण्याला लावून पाहू. रोज ५० कोटी लिटर शुद्ध करणारे एक केंद्र धरा. पाणी कोळशाच्या सहवासात वीस मिनिटे राहायला हवे. हिशेब केला तर सात हजार घनमीटर, म्हणजे तीन हजार टनांहून जास्त कोळसा. शंभर रुपये किलो असा सोपा भाव धरला तरी एका भरणीचे तीसेक कोटी, टाक्या, पंप आणि जागा वेगळी. आणि आपल्या धरणांत पहिल्या पावसाबरोबर सह्याद्रीचा सगळा पालापाचोळा येतो. त्यातले सेंद्रिय द्रव्यही त्याच भोकांत जागा अडवते. आयन एक्स्चेंजच्या रेझिनचे मणी वापरले तर जागा कमी लागते. कॅलिफोर्नियातल्या योर्बा लिंडा इथे तसे मोठे केंद्र २०२१ च्या अखेरीस उभे राहिले. पण ते मणी महाग, आणि वापरून झाले की जाळायचे.

उलट परासरणाचे पडदे, म्हणजे तुमच्या ओट्यावरचे आरओ, हेही काम करतात. चांगले करतात. इथे बसलेल्या बहुतेकांच्या घरी ते आहे, मला ठाऊक आहे, कारण पुण्यात धरणाचे गोड पाणी येत असूनही आरओ नसला की पाहुण्यांना पाणी द्यायला लाज वाटते. तर तुमच्या ग्लासातले चिरंजीव रसायन आरओने काढले. ते गेले कुठे? एका ग्लासामागे दोन-तीन ग्लास पाणी मोरीत जाते, त्या पाण्यात. मोरीतून ड्रेनेजला, ड्रेनेजमधून मैलाशुद्धीकरण केंद्रात, तिथून मुठेत. मघाचे वाक्य मला बदलायला हवे. ही रसायने पाण्यातून काढता येतात असे म्हणालो. खरे म्हणजे ती एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात, नाहीतर पाण्यातून कोळशात हलवता येतात. बंध तोडायचा तर भट्टीचे तापमान हजार अंशांपर्यंत न्यावे लागते.

आता एक गोष्ट जिचा धागा इटलीतून थेट कोकणात येतो. उत्तर इटलीच्या व्हेनेतो प्रांतात, व्हिचेंझाजवळ त्रिस्सिनो नावाचे गाव आहे. तिथल्या मितेनी कारखान्यात ही रसायने बनत. २०१३ मध्ये इटलीच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या पाहणीत त्या भागातल्या भूजलात आणि नळाच्या पाण्यात ती सापडली. व्हिचेंझा, व्हेरोना आणि पादुआ या तीन जिल्ह्यांतली साडेतीन लाखांच्या आसपास माणसे त्या पाण्यावर होती. पाणीपुरवठा संस्थांनी आधी कोळशाचे फिल्टर बसवले. पण कोळसा ही मलमपट्टी आहे हे त्यांच्या लवकर लक्षात आले, आणि दुसऱ्या स्वच्छ झऱ्यांवरून नव्या नळवाहिन्या टाकायचे काम हाती घेतले. दरम्यान शाळकरी मुलांच्या रक्ताचे अहवाल घरोघर गेले. ते वाचून आया रस्त्यावर आल्या, त्यांनी संघटना बांधली. मितेनी २०१८ मध्ये दिवाळखोर झाली. २६ जून २०२५ रोजी व्हिचेंझाच्या न्यायालयाने कंपनीच्या अकरा माजी अधिकाऱ्यांना दोषी ठरवले, शिक्षांची बेरीज १४१ वर्षे. हा पहिल्या न्यायालयाचा निकाल आहे, पुढे अपिले असतात.

मधल्या काळात दिवाळखोर कारखान्याच्या मालमत्तेचा लिलाव झाला. यंत्रे, तंत्रज्ञान, पेटंटे. ती घेतली लक्ष्मी ऑरगॅनिक इंडस्ट्रीज या आपल्या मुंबईच्या कंपनीने आपल्या उपकंपनीमार्फत, आणि यंत्रसामग्री सुटी करून आणली लोटे परशुरामला. खेड आणि चिपळूणच्या मधली ती एमआयडीसी. खाली वाशिष्ठी, पुढे दाभोळची खाडी. तिथले मच्छीमार मेलेल्या माशांची तक्रार वर्षानुवर्षे करत आले आहेत, ती या यंत्रांच्या कितीतरी आधीपासूनची. दोन्ही गोष्टी एकाला एक चिकटवू नका. यंत्र हे भांडे आहे. त्यात काय शिजवले आणि खरकटे कुठे सांडले यावर सगळे ठरते. पण ज्या भांड्याचे खरकटे निस्तरायला व्हेनेतोला नव्या नळवाहिन्या टाकाव्या लागल्या, ते आपल्या अंगणात मांडताना शेजारच्या विहिरींचे पाणी आधी मोजून, तारीख घालून, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावले असते तर कुणाचे काय गेले असते? कंपनीलाही ते सोयीचेच. उद्या बोट दाखवले गेले तर आधीचा कागद हातात असतो.

कागदाचे मोल काय हे अमेरिकेतल्या पाणीपुरवठा संस्थांना विचारा. २०२३ मध्ये ही रसायने बनवणाऱ्या थ्रीएम कंपनीने त्यांना दहा अब्ज डॉलरहून जास्त रक्कम द्यायचे कबूल केले. दाव्यात पहिल्या रांगेत होत्या त्या, ज्यांच्याकडे आपल्या पाण्याचा तपासणी अहवाल होता.

तुम्ही म्हणाल, लोटे घाटाखाली, आम्ही घाटावर. बरोबर. पुण्यावर भूगोलाची कृपा आहे, आणि ती आजची नव्हे. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणले तेव्हा वर डोंगर आणि खाली पेठा एवढाच मामला होता. दगडी भुयारी नळ, मध्ये उच्छ्वास, आणि शेवटी हौद. खडकवासल्याचे काम १८७९ पर्यंत झाले तेव्हाही नदीच्या वरच्या अंगाला भातखाचरेच होती. आजही आंबी, मोसे आणि मुठा या तीन नद्या सह्याद्रीच्या माथ्यावरून ज्या खोऱ्यांतून उतरतात तिथे रसायनांची एमआयडीसी नाही. हॉटेले आहेत, रिसॉर्टे आहेत, लवासा आहे, त्यांच्या मैलापाण्याची काळजी आहे. पण पुण्याच्या वर फेएटव्हिल नाही, त्रिस्सिनो नाही.

म्हणून मी पुणेकरांना घाबरवायला आलेलो नाही. उलट, महापालिकेचा एखादा उत्साही अधिकारी उद्या उठून म्हणाला की खडकवासल्याला कोळशाचे फिल्टर बसवू, तर मी पहिला विरोध करीन. जानेवारी २०२५ आठवा. नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, सिंहगड रस्त्याचा सगळा पट्टा. दोनशेहून जास्त लोकांना गीयां-बारे हा नसांचा आजार. कुणाचे पाय गेले, कुणी व्हेंटिलेटरवर. संशय कॅम्पायलोबॅक्टर या जिवाणूवर. महापालिकेत समाविष्ट झालेल्या गावांतल्या विहिरीवरून गाळणीशिवाय, केवळ क्लोरीन घालून जाणारे पाणी तेव्हा चर्चेत आले, आणि खासगी आरओ प्रकल्पांना टाळे लागले. विसाव्या शतकाच्या रसायनाची चर्चा होत असताना एकोणिसाव्या शतकाचा जंतू धायरीत फिरत होता. चावीवाल्याच्या हातात वाहिनीच्या शेवटच्या नळावरचा क्लोरीन मोजायचे साधे किट असणे हे तीन हजार टन कोळशापेक्षा आधीचे काम आहे. आडातच जंतू असेल तर पोहऱ्याला कोळसा लावून काय होणार?

पण ही एक बाजू झाली. पुणे पाणी घेते कुठून, एवढेच आपण बघतो. ते सोडते कुठे, हे उजनी धरणाकाठच्या भिगवणला विचारा.

मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते आणि भीमा उजनीत थांबते. पवना आणि इंद्रायणीही शेवटी तिथेच. भोसरी-चिंचवडच्या मुलाम्याच्या कारखान्यांचे, आयटी पार्कमधल्या गालिच्यांच्या धुलाईचे, अग्निशमनाच्या सरावाचे, आपल्या तव्यांचे आणि रेनकोटांचे पाणी ज्या धरणात जाते त्याची एकूण क्षमता ११७ टीएमसी. मघाचा गुणाकार तिथे केला तर तेरा किलो येतात. तेही बॅगेत मावतात, बॅग थोडी मोठी. सोलापूर ते पाणी पिते, पंढरपूर पिते. (इंद्रायणीवर दिसणारा फेस या रसायनांचा पुरावा नाही, तो मुख्यतः साबण आणि डिटर्जंटचा. फेस दिसला की बातमी होते. हे न दिसता जातात.)

आपल्याकडे जपानच्या साहाय्याच्या जायका प्रकल्पातून मैलाशुद्धीकरणाची नवी केंद्रे होत आहेत, त्यांचे स्वागत आहे. नदीचा वास कमी होईल, प्राणवायू वाढेल. पण ही केंद्रे जिवाणूंच्या पोटावर चालतात आणि आपले चिरंजीव जिवाणूंना पचत नाहीत. विचित्र असे की मैलापाणी केंद्रात शिरताना जेवढे पीएफओए मोजले जाते त्यापेक्षा बाहेर पडताना जास्त आढळल्याच्या नोंदी जगभर आहेत. कारण मोठे रेणू आत तुटून हे छोटे तयार होतात. उरलेले गाळात बसते. अमेरिकेच्या मेन राज्याने २०२२ मध्ये असा गाळ शेतात टाकायला बंदी घातली. आपण मुंढव्याच्या जॅकवेलमधून प्रक्रिया केलेले पाणी कालव्यात सोडून हवेली, दौंड, इंदापूरच्या उसाला देतो. पाणी परत वापरणे चांगलेच, पण त्यात काय परत जाते हेही पाहायला हवे.

म्हणून आपल्या पाणीवाल्यांनी हे रसायन शोधायला सुरुवात करायची ती शुद्धीकरण केंद्राच्या टोकाला नव्हे, मैल्याच्या टोकाला करावी असे माझे मत. मुलाम्याच्या कारखान्याने हौदावरची फवार दाबायला दुसरे द्रव्य वापरावे यासाठी एक साधा नियम लागतो. तेच द्रव्य उजनीच्या तेरा किलोंतून वेचून काढायला अख्खे सोलापूर पाणीपट्टी भरत राहील. अभियंत्याला हे गणित न येण्याचे कारण नाही. तरी आपण शेवटपर्यंत तुरटीचा डोसच ठरवत बसतो आणि नाल्याकडे निवृत्तीनंतर पाहतो. मीही तेच केले.

मला कुणी एका दिवसासाठी गाडी आणि पन्नास बाटल्या दिल्या तर मी कुठे जाईन ते सांगून थांबतो. बाटल्या पॉलिप्रॉपिलीनच्या, झाकणाला आतून टेफ्लॉनचे अस्तर नको. नमुना घेणाऱ्या मुलाने न भिजणारा रेनकोट घालू नये, पाऊस असला तरी भिजावे, कारण रेनकोटावरचा एक थेंब नमुना बिघडवू शकतो. नळाला प्लंबरने गुंडाळलेली पांढरी टेफ्लॉन टेप असेल तर तो नळ टाळावा. सोबत शुद्ध पाण्याची एक कोरी बाटली सगळ्या प्रवासात न्यावी आणि तीही तपासावी. प्रयोगशाळेत यंत्र एलसी-एमएस-एमएस. ते पुण्यात औषध कंपन्यांकडे आणि संशोधन संस्थांकडे आहे, तोटा यंत्राचा नाही.

पहिली बाटली टेमघरच्या वर भरीन, केवळ कोरा आकडा हवा म्हणून. दुसरी खडकवासल्याला, मघाच्या त्या पाव किलोची परीक्षा घ्यायला. तिसरी फुरसुंगीच्या विहिरीतून. कचरा डेपोच्या झिरपणाऱ्या पाण्याने तिथल्या विहिरी नासल्या आणि गाव टँकरवर आले, ही पुण्याने आपल्याच शेजाऱ्याला दिलेली भेट. जगभर अशा झिरपणाऱ्या पाण्यात ही रसायने सापडली आहेत, म्हणून शहरात कुठे पहिला नमुना घ्यायचा तर तो तिथे. मग नायडू मैलाशुद्धीकरण केंद्रात शिरणारे पाणी आणि बाहेर पडणारे पाणी, मुंढव्याचा जॅकवेल, भोसरीचा नाला, दौंडची भीमा, भिगवणला उजनीचा फुगवटा, सोलापुरातला एखादा घरगुती नळ.

आणि शेवटची बाटली भरायला पंढरपूरला नदीकाठी उतरीन. तिथे आपल्याकडच्याच एखाद्या दिंडीतली आजी भेटेल, कोथरूडची नाहीतर हडपसरची. तीही वाकून चंद्रभागेचे पाणी छोट्या बाटलीत भरत असेल, बूच घट्ट लावत असेल. मी माझी प्रयोगशाळेला पाठवीन. ती तिची पुण्याला घेऊन येईल आणि देवघरात ठेवील.